नववीचं दार

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या स्मृतिदिनी चेंबूर येथे दिलेले व्याख्यान)



आज ९ मे. १९५९ साली याच दिवशी कर्मवीर गेले. शाळांच्या वर्षात ही तारीख मोठ्या नाजूक जागी येते. १ मेच्या सुमारास प्रगतिपुस्तकं हातात पडलेली असतात, दहावीचा निकाल तोंडावर असतो आणि जूनची घंटा अजून महिनाभर लांब असते. या मधल्या दिवसांत माध्यमिक शाळांच्या कार्यालयाबाहेर आई-वडिलांची रांग लागते. कुणी नवा प्रवेश मागायला आलेलं असतं, कुणाला शाळेनं बोलावून घेतलेलं असतं. मला आज या रांगेबद्दल बोलायचं आहे. सगळ्यांना सामावून घेणारी शाळा कोणती, हे ओळखायला मी शाळेचा फलक वाचत नाही. त्या रांगेतल्या शेवटच्या आईशी कार्यालयात कोण कसं बोलतं ते ऐकते. आणि इतकी वर्षं या उपनगरात शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की शाळेची खरी परीक्षा पहिलीच्या प्रवेशाला होत नाही, ती नववीला होते.

भाऊरावांपासूनच सुरुवात करते. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. ते वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी होतं. परत आल्यावर आंघोळ करूनच आत ये, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. शाळेचं दार तोंडावर बंद होणं म्हणजे काय, हे त्या मुलाला असं कळलं. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. तिथे जातीजातींची आणि वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका छपराखाली राहत आणि एका चुलीवरचं जेवत.

त्या चुलीपाशी जरा थांबू या, कारण पालकांचं स्वागत म्हणजे काय, याचं उत्तर मला तिथे सापडतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरात वाढलेल्या. सोवळंओवळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्याच लक्ष्मीबाई या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. आता खेड्यातल्या त्या बापाचा विचार करा. तो अक्षरशत्रू आहे, पोराला घेऊन पायी साताऱ्याला आला आहे, आणि सरकारी माणसापुढे उभं राहायची त्याला सवय नाही. त्याला संस्थेची घटना वाचता येत नव्हती. पण आपल्या पोराचं ताट कुठे मांडलं जातं, हे त्याला दिसत होतं. शाळेची मूल्यं आई-वडिलांपर्यंत अशी पोहोचतात.

दुसरी गोष्ट आपण कमी बोलतो. भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. मधेच तुटलेल्या शिक्षणाची सल काय असते, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच गावोगावी प्राथमिक शाळा काढून ते थांबले नाहीत. १९४० साली त्यांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं. मुलांनी शेतात, बांधकामावर राबावं आणि फी न भरता हायस्कूल पुरं करावं, अशी तिथली रीत होती. कमवा आणि शिका. चौथी शिकून गावाकडे परत जायचं, हे गरिबाच्या मुलाचं ठरलेलं नशीब त्यांना मान्य नव्हतं.

आता आपल्याकडे या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हा कायदा मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यात पालकांच्या सन्मानाचा मोठा विचार आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची मुलाखत घ्यायला तेराव्या कलमानं बंदी केली. पहिल्यांदा कलम मोडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. वडील काय करतात, आई इंग्रजी बोलते का, घर स्वतःचं आहे का, हे प्रश्न प्रवेशाच्या खोलीतून कायद्यानं बाहेर काढले. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्ग द्यावा लागतो. विनाअनुदानित खासगी शाळेतही पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटर म्हणजे जवळपास सगळ्याच शाळा सुटल्या. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. मला या निकालाचा आनंद झाला आणि तो मी लपवत नाही.

पण हे सगळं आठवीपर्यंत. चौदाव्या वर्षी कायद्याचा हात सुटतो. पंचवीस टक्क्यांतून पहिलीत आलेली मुलगी नववीत गेली की तिच्या घरी पूर्ण फीचं पत्र येतं. आठ वर्षं ज्या बाकावर बसली, त्याच बाकाचे पैसे आता भरायचे असतात. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची कामं करते. त्या आई-वडिलांना आपण काय सांगणार? महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांत शिकवतात, ही मुंबईनं अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. पण पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात, आणि उर्दूत किंवा तमिळमध्ये शिकलेल्या मुलाला पुढे जवळपास त्याच भाषेतलं हायस्कूल मिळेलच असं नाही. मग नववीला शाळा बदलते, माध्यम बदलतं, मित्र बदलतात, आणि हे सगळं एकाच जूनमध्ये. कुणी म्हणेल, हुशार पोर असेल तर निभावेल. निभावतातही काही. जी निभावत नाहीत त्यांची नावं पटावरून कमी होतात, आणि त्या मुलांबद्दल शाळेत पुन्हा कुणी बोलत नाही.

आपलं चेंबूर या बाबतीत विचार करायला लावणारी जागा आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी बराकींत राहिली, त्यातून कॅम्प वसला. त्याच सिंधी समाजातल्या हशू अडवाणींनी १९६२ साली विवेकानंद एज्युकेशन सोसायटी सुरू केली. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेल्या मंडळींनी आपापल्या संस्था काढल्या. तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने आले, अणुशक्तीनगर वसलं, खतांचा कारखाना आला, आणि प्रत्येक वसाहतीबरोबर शाळा उभ्या राहिल्या. म्हणजे चेंबूरच्या कितीतरी शाळा अशा लोकांनी बांधल्या आहेत, जे स्वतः कधीतरी परक्या दारात उभे होते. ही आठवण इथल्या संस्थाचालकांनी जपावी, एवढी माझी अपेक्षा आहे. कारण आजही नवी माणसं येतातच. तानसा जलवाहिनीलगतची घरं पडली आणि ती कुटुंबं माहूलच्या इमारतींत आणून ठेवली गेली. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादापासून उच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे चिंता व्यक्त झाली आहे. घर हलतं तेव्हा शाळेचं वर्ष कुणी विचारात घेत नाही. ऑक्टोबरमध्ये घर हललेलं पोर कुठल्या शाळेत जाणार? काही मुलं जुन्या शाळेपर्यंत दोन बस बदलून जातात. नववी-दहावीच्या मुलींना घरचे काही दिवस तसं जाऊ देतात आणि मग थांबवतात. रेल्वेच्या एका बाजूला सोसायट्या, पलीकडे गोवंडी-मानखुर्द. देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आहे, तिनं या एम-पूर्व विभागावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग सगळ्यात तळाला होता. आपल्या शाळांच्या दारात येणारी बरीच मुलं याच विभागातून येतात.

आता जे बोलणार आहे ते काहींना टोचेल, पण बोललं पाहिजे. शंभर टक्के निकाल. शाळेच्या फाटकावर हा फलक लागला की पालक खूश, संस्था खूश, मुख्याध्यापक खूश. मला त्या फलकात न दिसणारी मुलं दिसतात. नववीत नापास करायचं, नाहीतर आई-वडिलांना बोलावून सांगायचं, 'दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.' सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. कामावर जाणाऱ्या, मधेच शाळा सुटलेल्या कितीतरी माणसांना त्यानं दहावी करून दिली आहे. पण रोज शाळेत येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात तो फॉर्म शाळेनं ठेवायचा, याला मी शिक्षण म्हणत नाही. ते मूल त्या दिवशी शिकतं की आपण ओझं आहोत. त्याची आईही तेच शिकते आणि परत कधी शाळेत येत नाही. ज्या शाळेत गणितात दहा गुण मिळवणाऱ्या मुलाला पस्तीसपर्यंत आणण्यासाठी शिक्षक डिसेंबरपासून थांबतात, आणि तरी निकाल ब्याण्णव टक्के लागतो, ती शाळा माझ्या लेखी मोठी आहे. अशा मुख्याध्यापकांच्या पाठीशी संस्थेनं उभं राहायला हवं. पालकांनीही निकालाचा आकडा विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: नववीत किती मुलं होती आणि त्यांतली दहावीला किती बसली?

अपंगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत कायदा जास्त लांब जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवं असेल तर विशेष शाळेत. निवड कुटुंबाची. विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तात्पुरतं प्रमाणही घालून दिलं: माध्यमिकला अशा पंधरा मुलांमागे एक शिक्षक. आपल्या किती शाळांत असा शिक्षक आहे, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या वाटेवर मुंबईनं फार पूर्वी पाऊल टाकलं. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी हिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तिला घेईल अशी शाळा नव्हती, म्हणून अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. पुढे याच संस्थेनं आपली मुलं सर्वसाधारण शाळांत पाठवायचं ठरवलं. आपणच उभं केलेलं काम मुलांसाठी अपुरं आहे असं म्हणून पुढे जाणं ही फार मोठी गोष्ट आहे. मालिनी चिब पुढे उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाल्या.

पण मला त्याहून जवळचं उदाहरण कोल्हापूरचं वाटतं. नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. बाबूकाका दिवाण या चाकाच्या खुर्चीतल्या उद्योजकाकडे पाहून त्या उभ्या राहिल्या आणि १९८४ साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. त्या संस्थेच्या समर्थ शाळेत अपंग मुलं आणि आजूबाजूची धडधाकट मुलं एकत्र शिकतात. जरा लक्ष द्या, इथे यजमान कोण आहे. आपण नेहमी म्हणतो, आम्ही अपंग मुलांना आमच्या शाळेत घेतो. तिथे अपंगांच्या संस्थेनं शाळा बांधली, उतार केले, दारं रुंद केली, आणि शेजारच्या घरांना सांगितलं, तुमची मुलं आमच्याकडे पाठवा. त्या घरांनी पाठवली. 'आमच्या मुलाचं नुकसान होईल' ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी एकदा कोल्हापूरला जाऊन यावं.

ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. एका वर्गात साठ मुलं, एक शिक्षिका, पस्तीस मिनिटांचा तास. त्यात एका मुलाला ऐकू कमी येतं, एकाला वाचताना अक्षरं लागत नाहीत, दोघांना मराठी नवं आहे. हुशार मुलाच्या आईला वाटतं की बाईंचा वेळ वाटला जाणार, आणि तो वाटला जातोच. पण बाईंनी फळ्यावर सूचना लिहून दिल्या, तास सुरू करताना कालचा धडा दोन वाक्यांत सांगितला, मुलांना जोडीनं बसवलं, एकाच गोष्टीची दोन प्रकारे उजळणी घेतली, की वर्गातल्या शेवटच्या रांगेत गप्प बसणाऱ्या वीस मुलांनाही ते लागतं. त्यांची आजवर कुणी नोंद घेतलेली नसते. आणि उरलेल्या अडचणीवर एकच उपाय आहे, वर्गात दुसरं मोठं माणूस देणं. त्याचा खर्च शासनानं करावा यासाठी सगळ्या पालकांनी मिळून मागणी करायला हवी, हुशार मुलांच्या पालकांनी तर सगळ्यात आधी. २००९ साली केंद्रानं नववी ते बारावीच्या अपंग मुलांसाठी स्वतंत्र योजना आणली, ती पुढे 'समग्र शिक्षा' योजनेत सामावली. कागदावर वाट आहे. ती वापरात आणण्याचा आवाज पालकांचा हवा.

आता थोडं व्यवहाराचं बोलते.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपल्या दहावीच्या बोर्डात जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, काहींना कॅल्क्युलेटर वापरता येतो, एखाद्या भाषेतून सूट मिळते. महाराष्ट्रानं ही सोय नव्वदच्या दशकातच केली, 'तारे जमीं पर' येण्याच्या बरीच वर्षं आधी. प्रमाणपत्र चेंबूरहून जवळच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातून मिळतं. तपासणी एका दिवसात होत नाही. बुद्ध्यंक, डोळे, कान, वाचन-लेखनाची चाचणी, प्रत्येकासाठी वेगळी तारीख मिळते. दहावीच्या नोव्हेंबरात धावपळ केली तर वेळ निघून जाते. म्हणून वर्गशिक्षकांनी आठवीतच पालकांना बोलवावं. बोलावल्यावर पहिलं वाक्य काय असावं, हे मी शिक्षकांना आग्रहानं सांगते: 'तुमचा मुलगा आळशी नाही.' वर्षानुवर्षं मार खाऊन, बोलणी खाऊन आलेल्या मुलाच्या आईला हे वाक्य ऐकताना मी पाहिलं आहे. आधी तिचा विश्वास बसत नाही. मग ती रडते. मग रुग्णालयाची तारीख विचारते.

फाटकावरचा वॉचमन आणि शाळेतली मावशी ही शाळेची पहिली ओळख. 'काय काम आहे?' आणि 'या, कुणाला भेटायचंय?' या दोन्हींना तेवढाच वेळ लागतो. दोघांनाही शिक्षकांबरोबर बसवून शाळेचा हा विचार समजावून सांगावा. पालक सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा अर्धा दिवस कापला जातो. ती आली नाही तर 'पालकांना काळजीच नाही' असा शेरा आपण मारतो. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर एक सभा ठेवून पाहा. सूचना मराठीत आणि हिंदीत, चार ओळींत, मोठ्या अक्षरांत. वाचता न येणाऱ्या पालकाला फोन करायला एक माणूस नेमा. गणवेश आणि वह्यांची यादी हाती देताना अमुक दुकानातूनच घ्या असं सांगू नका.

आणि पालकहो, तुमच्याकडेही काही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावाच लागतो, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. चिठ्ठीत रिक्षावाल्याचं नाव निघू शकतं आणि डॉक्टरचंही. नाव द्या. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. त्या समितीत बसून आधी नववीचा विषय काढा: पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांची फी पुढे कशी भरायची, संस्था सवलत देईल का, माजी विद्यार्थी मदत करतील का. कर्मवीर घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून शेकडो मुलं जेवू घालत. चेंबूरमधल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना दरवर्षी नववीतल्या दहा मुलांची फी भरणं अशक्य नाही.

या महिन्यात कुणाला शाळेनं बोलावून दाखला घ्यायला सांगितलं, तर लगेच सही करू नका. कारण लेखी मागा. मुलाला नववीत पुन्हा बसू द्या म्हणा, किंवा फेरपरीक्षा आहे का विचारा. मुलाकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर २०१६ च्या कायद्याचा उल्लेख अर्जात करा. एकटे जाऊ नका, शेजारच्या दोन पालकांना बरोबर घ्या. आणि शिक्षकांनो, असे तिघे पालक दारात आले तर त्यांना बसायला खुर्च्या द्या, पाणी द्या आणि त्या मुलाची वही मागवून घ्या. पुढचं बोलणं त्या वहीवर होऊ द्या.